पहिल्या खाचेतली सीट

कुसाबाई पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला विचारले, "पोळ्या किती जणांच्या करतेस?"

साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी आणि उंची जेमतेम चार फूट दहा इंच. पोळ्यांना बाई हवी असे मी कोणालाच सांगितले नव्हते. मला हवा होता ड्रायव्हर. पण डोळे आयुष्यभर जे पाहत आले तेच पाहतात.

"करीन की," ती म्हणाली, "पन मंग गाडी कोन चालवील?"

खालच्या मजल्यावरच्या शुभांगीने तिला पाठवले होते. मी ओशाळले, तिला आत बोलावून पाणी दिले. सतरा जानेवारीच्या पानावर नोंद आहे : 'कुसाबाई, दिंडोरीची. उद्या गाडी चालवून दाखवणार. मी चूक केली, तिने हसण्यावारी नेली.'

डायरी मी पाचवीपासून लिहिते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आग्नेस यांचे दोन नियम मी जन्मभर पाळले. रोजचे पान रोज लिहायचे, आणि दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडायचे नाही. या दुसऱ्या नियमाने पुढे काय घोळ घातला ते सांगायचेच आहे. पण आधी कुसाबाई.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. बसली म्हणजे, आधी सीट पुढे ओढली ती पार पहिल्या खाचेपर्यंत, मग पिशवीतून गोधडीची एक जाड घडी काढून सीटवर ठेवली, तिच्यावर बसली, आरसे स्वतःपुरते वळवले आणि पदर खोचला. गंगापूर रोडवरून सोमेश्वरपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. वाटेत तिने हॉर्न फक्त दोनदा वाजवला. आमच्या पार्किंगमध्ये माझी जागा खांब आणि भिंत यांच्यामध्ये आहे. आमचे हे तिथे गाडी लावताना तीन-तीनदा पुढेमागे करत. कुसाबाईने ती एका दमात उलटी नेऊन लावली.

"कुठे शिकलीस गं?"

"द्राक्षाच्या बागंत. दोन वळींच्या मधून टॅक्टर काढायचा म्हंजे दोन्ही अंगाला हात-हातभर जागा. वेलीला धक्का लागला की मालक वरडला. तुमचा खांब बरा, त्याला घड नाय लागत."

तिची हकीगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कधी सिग्नलला थांबलेलो असताना, कधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट पाहताना. ती मजूर म्हणून बागेत गेली तेव्हा वीस वर्षांची होती. विरळणी, बांधणी, छाटणी, सगळी कामे केली. एका वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला. अशा वेळी पहाटेच फवारणी झाली नाही तर डाऊनी पडतो, म्हणजे पानांवर बुरशी येऊन हातची बाग जाते. त्याच दिवशी ट्रॅक्टरवाला आला नाही. मालक कपाळाला हात लावून बांधावर बसला होता.

"मी म्हनले, मी चालवू का? तो म्हनला, पाय पोचतो का तुझा? मी म्हनले, नाय पोचत, पन पोचवते."

क्लचच्या पेडलला तिने लाकडाचा ठोकळा सुतळीने बांधला आणि चार एकर बाग दुपारच्या आत फवारून काढली. एक काडी मोडली नाही. त्यानंतर नऊ हंगाम तो ट्रॅक्टर तिच्याकडेच होता. पुढे मुलीच्या कॉलेजसाठी ती नवऱ्याला घेऊन नाशिकला आली. नवरा बहिरू मखमलाबाद रोडला सायकल दुरुस्तीचे दुकान चालवतो. बायको आठ वर्षे लोकांच्या गाड्या चालवते आहे, पण तो तिच्या गाडीत एकदाही बसलेला नाही.

"का गं?"

"म्हनतो, संसारात बसलो तेवढं पुरं."

आमची गाडी पांढरी, लहान, तीन वर्षांची. ती ह्यांनी हौसेने घेतली आणि दीड वर्षात हे गेले. आरटीओत नाव बदलायचे राहूनच गेले होते. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण शेवटी त्यांनी आपली चूक स्वतःहून कळवली होती. ती वेळेवर वाचली गेली नाही हा दोष त्यांचा नाही.

मेच्या मध्यावर कुसाबाई म्हणाली, "काकू, शीट सरकतंय."

"म्हणजे?"

"पुढं वढलं की खट् वाजायला पायजे. आता खुट् म्हनतंय. आन् चढावर मागं जातंय."

मी शिस्तीप्रमाणे लिहून ठेवले आणि तेवीस मे रोजी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या सोमनाथ नावाच्या तरुणाने गाडी पाहिली. सहा फुटांचा, हसतमुख मुलगा. तो सीटवर बसला, आपल्या पायांना पुरेल इतकी सीट मागे घेतली, खट् आवाज आला, आणि त्याने बसल्या जागी चार हिसके दिले. सीट ढिम्म हलली नाही. मग त्याने खाली वाकून, टॉर्च लावून सीटच्या रुळात पाहिले आणि चिमटीत काहीतरी धरून वर काढले.

"मॅडम, हे काय?"

अक्षता! गेल्या दसऱ्याच्या. गाडीची पूजा करताना मी हात आखडता घेत नाही. बॉनेटवर, स्टिअरिंगवर, चारही सीटवर मूठ-मूठ अक्षता टाकल्या होत्या. सोमनाथने रुळातून निदान वाटीभर हळदकुंकवाचे तांदूळ काढले असतील. सगळे मेकॅनिक गोळा झाले.

"आता नाही सरकणार," तो म्हणाला. "पूजा तेवढी जरा बेताने करा."

कुसाबाई बाहेर आल्यावर पुटपुटली, "देवाच्या अक्षतांनी काय शीट सरकत नाय."

पुढच्या आठवड्यात माझा मुलगा आल्हाद पुण्याहून आला. तोही ताडमाड. त्यानेही गाडी फिरवून आणली. "आई, सीट एकदम घट्ट आहे. तिला गादीवर बसायची सवय, तीच घसरत असेल."

त्यानंतर कुसाबाई सीटबद्दल बोलली नाही. तिने बागेतून आणलेल्या सुतळीने सीट खालच्या रुळाच्या पुढच्या टोकाशी करकचून बांधली, वेलीची काडी तारेला बांधतात तशी, आणि सुतळीचे टोक व्यवस्थित खोचून ठेवले. सारा पावसाळा गाडी सुरळीत चालली. तिने मला सटाण्याला भाचीकडे नेऊन आणले. वाटेत कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, तेव्हा ती काचेतून प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी सल्ला देत होती.

मला ती सुतळी आवडत नव्हती, हे कबूल करते.

वीस सप्टेंबरला आमच्या शाळेच्या चार मैत्रिणींचे जेवण ठरले होते. सगळ्यांना मीच गाडीतून नेणार होते. सकाळी मी खाली जाऊन गाडी पुसली, धूपकांडी फिरवली आणि ती मळकी सुतळी पाहून माझे डोके फिरले. भाजीची जुडी बांधावी तशी सीट! मी वर जाऊन कात्री आणली आणि सुतळी कापून टाकली.

कुसाबाई आली, खाली वाकली. "काकू, सुतळी?"

"आजच्या दिवस राहू दे गं. माझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

 तिने सीट पहिल्या खाचेत ओढली, गोधडीची घडी टाकली आणि बसली. मी मागे बसले. आमच्या इमारतीचे पार्किंग तळघरात आहे, वर यायला चांगलाच चढ आहे. त्या चढाच्या कडेला आमचे सेक्रेटरी जीवनराव यांच्या शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. निम्म्या चढावर पुढून 'खुट्' असा आवाज आला आणि कुसाबाई सीटसकट माझ्या गुडघ्यांवर आली. तिचे पाय पेडलवरून सुटले. गाडी बंद पडून मागे जायला लागली. कुसाबाईने झोपल्या-झोपल्याच हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण तोवर तीन कुंड्या फुटल्या होत्या.

कोणाला काही लागले नाही. पण तोपर्यंत अख्खी सोसायटी गॅलरीत आली होती.

"अहो, माझी पिवळी शेवंती!" जीवनराव धावत आले. "तरी मी म्हणत होतो, ट्रॅक्टर चालवणं वेगळं!"

"शीट सरकलं, भाऊ."

"सीट सरकलं म्हणे! बघू." ते स्वतः पुढे बसले. सीट मागे गेलेली होतीच, ती तिथल्या खाचेत घट्ट अडकली होती. त्यांनी दोन हिसके दिले. "ही कुठे सरकते?"

संध्याकाळपर्यंत आल्हादला बातमी लागली होती. जीवनरावांनीच फोन केला असणार.

"आई, आता पुरे. एक तारखेपासून एजन्सीचा ड्रायव्हर येईल. तिला नीट सांग, पण सांग."

"अरे, पण ती म्हणते..."

"सर्व्हिस सेंटरने बघितलं, मी बघितलं, जीवनकाकांनी बघितलं. तीन माणसं खोटी आणि एक खरी?"

दुसऱ्या दिवशी मी कुसाबाईला सांगितले. इमारतीत तिला अधूनमधून गाडी चालवायला बोलावणाऱ्या शुभांगीच्या सासूबाईंनी आणि आणखी दोघींनीही तिला येऊ नको म्हणून कळवले होते. आठ वर्षांत मिळवलेले नाव एका चढावर गेले. तिने गाडीची किल्ली माझ्या टेबलावर, डायरीच्या बाजूला ठेवली.

"काम जाऊं द्या, काकू. तुमचा तरी इस्वास हाय का, शीट सरकलं म्हनून?"

मी लगेच हो म्हणाले नाही. मी मागेच बसले होते, ती माझ्या गुडघ्यांवर आली होती, तरीही तीन पुरुषांचे तीन हिसके माझ्या डोळ्यांपुढे होते. ती वाट पाहून निघून गेली. गोधडीची घडी तिने काखेत धरली होती.

सात दिवस मी घरीच होते. आठव्या दिवशी दुपारी मी ठरवले की निदान सगळा पुरावा एकत्र करावा. डायरी काढली आणि जानेवारीपासून पान-पान पाहू लागले. पंधरा मे : 'कु. म्हणाली सीट सरकते.' वीस मे : 'पुन्हा तेच.' तेवीस मे : 'सर्व्हिस सेंटर. अक्षता. लाज वाटली.' तीस मे : 'सुतळी बांधली. बरी दिसत नाही.' आणि मग अकरा जून : 'भेंडी. लाइट गेले. ह्यांच्या नावे गाडीच्या कंपनीचे पत्र. कप्प्यात ठेवले.'

मी ती ओळ तीनदा वाचली.

त्या कप्प्याबद्दल सांगायला हवे. आम्ही नवराबायकोने पंचेचाळीस वर्षांत एकमेकांची पत्रे कधी फोडली नाहीत. त्यांच्या नावचे पत्र मी त्यांच्या टेबलाच्या उजव्या कप्प्यात ठेवायची, संध्याकाळी ते फोडायचे. ते गेल्यावरही त्यांच्या नावाने पत्रे येत राहिली, आणि मी ती ठेवत राहिले. दुसऱ्याचे पत्र फोडायचे नाही. ते फोडणारा माणूस आता नाही, एवढा साधा विचार सत्त्याहत्तर वर्षांच्या शिकल्यासवरल्या बाईच्या डोक्यात आला नाही!

कप्प्यात चौदा पत्रे होती. मी ह्यांच्या फोटोकडे पाहिले, "फोडते हं" म्हणाले, आणि गाडीच्या कंपनीचे पत्र उघडले.

श्री. गोविंद गायधनी यांना कंपनीने कळवले होते की अमुक महिन्यांत बनलेल्या गाड्यांमध्ये चालकाच्या सीटखालचा, सीट खाचेत अडकवून ठेवणारा भाग सदोष निघाला आहे. सीट अगदी पुढे घेतली असता तो पूर्ण अडकत नाही आणि गाडी चालू असताना सीट मागे सरकू शकते. गाडी आणावी, भाग विनामूल्य बदलून मिळेल. तोवर सीट पुढच्या खाचांमध्ये वापरू नये. मोबाइलवरही निरोप पाठवले होते म्हणे, पण ह्यांचा नंबर केव्हाच बंद झालेला.

सीट अगदी पुढे घेतली असता. म्हणजे सोमनाथ, आल्हाद, जीवनराव यांच्यापैकी कोणालाही ती कधीच सरकलेली दिसली नसती. पाय पोचवायला जिला पहिली खाच लागते, तिलाच ती दिसणार.

मी आधी आल्हादला फोन करून पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. सीटची ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "आई, तो एजन्सीवाला मी रद्द करतो. आणि... कुसाबाईंचा नंबर दे."

तिचा फोन बंद होता. मी रिक्षाने बहिरूच्या दुकानावर गेले. तो चाकाच्या तारा आवळत होता.

"ती गेली दिंडोरीला. छाटनीवर. आठ दिस माझ्यासंगं बी बोलंना. काकू, काय झालं खरं?"

"चूक माझी झाली, बहिरू."

"तसं व्हय!" त्याचा चेहरा एकदम खुलला. "मला वाटलं माझीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने दिंडोरीला गेले. स्टँडवरून रिक्षावाल्याने बागेपर्यंत सोडले. वेलींच्या ओळींत बायका हातात कात्र्या घेऊन काड्या छाटत होत्या, सगळ्यांच्या साड्यांवर पुरुषी शर्ट. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारली, तर चारपाच कुसाबायांनी वळून पाहिले असे वाटले. खरी शेवटून दुसरी निघाली.

"काकू! एवढ्या उन्हाचं? काय झालं?"

मी तिथेच, वेलीखाली उभी राहून तिला पत्र मराठीत समजावून सांगितले. ती ऐकत होती. कात्री हातात तशीच उघडी होती.

"म्हंजे मी खरं बोलत व्हते."

"अगदी खरं."

"आन् हे पत्र आलं कधी?"

हा प्रश्न येणार हे मला एसटीत बसल्यापासून माहीत होते. "अकरा जूनला."

"जूनला!" तिने बोटे मोजली. "तवा मंग उघडलं नाय?"

"काकांच्या नावाचं होतं."

कुसाबाईने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. आणि मग ती हसायला लागली. इतकी की कात्री खाली पडली आणि शेजारच्या ओळीतली भागीबाई वेली वाकवून विचारायला आली, काय झाले.

"अगं, ह्यांनी पत्र ठिवलं काकांसाठी! काका येऊन फोडतील म्हनून!"

"मंग? फोडलं का काकांनी?" भागीबाईने गंभीरपणे विचारले. त्यावर मीही हसले. ह्यांना जाऊन दीड वर्ष झाले, आणि त्यांच्यावरून इतके मनमोकळे हसण्याची ती पहिलीच वेळ.

हसून झाल्यावर मी म्हणाले, "आणि सुतळी मी कापली. तू विचारलंस तेव्हा तुझ्यावर विश्वास आहे असंही म्हणाले नाही. त्याची माफी मागायला आले आहे, पत्र दाखवायला नव्हे."

तिने कात्री उचलून पुसली. "बसा त्या क्रेटवर. वळ एवढी पुरी करते, मंग जाऊं. अर्धी वळ टाकून गेलेलं मला नाय जमत."

तीन ऑक्टोबरला सोमनाथ गाडी न्यायला घरी आला. पुढची खाच वापरायची नाही असे पत्रात होते, म्हणून तोच चालवणार होता. कुसाबाई माझ्या शेजारी मागे बसली. गाडीत मागे बसायची तिची पहिलीच वेळ. कॅनडा कॉर्नरचा चौक येईपर्यंत तिने कसाबसा धीर धरला.

"साहेब, दुसऱ्यात घ्या. इंजन रडतंय."

"हो मावशी."

"आन् त्या रिक्षाचा नाद सोडा. तो काय वळनार नाय."

रिक्षा वळली नाही. सोमनाथने आरशातून तिच्याकडे पाहिले आणि त्यानंतर तो तिला मावशी म्हणायचे सोडून ताई म्हणू लागला.

सेंटरमध्ये त्याने आमच्या गाडीचा नंबर यादीत पाहिला. होता. "पण ताई, खरं सांगू, मला तेव्हाही काही सरकताना दिसलं नव्हतं."

"तुमी माझ्या जागंवर बसलाच नाय. या, बसा आता."

तिने सीट पहिल्या खाचेत ओढली. खुट्. सोमनाथ कसाबसा आत शिरला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, हनुवटी जवळजवळ हॉर्नवर. बाकीचे मेकॅनिक आधीच फिदीफिदी हसत होते.

"आता चढ लागला असं समजा. ब्रेकवर पाय देऊन मागं रेटा."

त्याने पाय दिला मात्र, सीट त्याला घेऊन धाडकन मागे गेली.

"आई गं!" सहा फुटांचा सोमनाथ आडवा पडून छताकडे पाहत होता.

"लागलं नाय ना?" कुसाबाईने काळजीने विचारले. "आता ह्यात अक्षता किती निघत्यात ते बघा."

तासाभरात भाग बदलून झाला. कुसाबाईने सीट पुढे-मागे वीसदा तरी ओढली. खट्. खट्. प्रत्येक खाचेत खट्. मग तिने पिशवीतून गोधडीची घडी काढून मांडली आणि खिशातून सुतळीचे भेंडोळे काढले.

"अगं, आता कशाला?"

"नवीन पार्ट कंपनीचा. सुतळी माझी."

मी कात्रीचा विषय काढला नाही.

आल्हादचा फोन तिला आदल्या दिवशीच येऊन गेला होता. काय म्हणाला ते त्याने मला सांगितले नाही. तिने एवढेच सांगितले, "चांगला हाय तुमचा मुलगा. लय लांब झालाय म्हनून खालचं दिसत नाय, एवढंच." शुभांगीच्या सासूबाईंनी मात्र अजून निरोप पाठवला नव्हता. जीवनरावांनी चढावर गाडी पुन्हा पाहिल्याशिवाय त्या काही बोलणार नव्हत्या, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

ती वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आम्ही आरटीओत गाडीचे नाव बदलायला निघालो होतो. बाकीची तेरा पत्रेही माझ्या पर्समध्ये होती, वाटेत एकेक फोडायची म्हणून. खाली आलो तर जीवनराव उरलेल्या कुंड्या एकेक करून उचलून लांब नेत होते. गॅलऱ्यांमध्ये माणसे चहाचे कप घेऊन उभी होती. शुभांगीच्या सासूबाई सगळ्यांत पुढे.

कुसाबाईने गाडी चढावर घेतली. बरोबर मध्यावर, जिथे कुंड्या फुटल्या होत्या तिथे, तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला नाही. नुसत्या अर्ध्या क्लचवर गाडी चढाला धरून उभी राहिली, बोटभरही मागे नाही. तिने काच खाली केली. जीवनराव शेवटची कुंडी पोटाशी धरून भिंतीला चिकटले होते.

"जीवनभाऊ," तिने चौकशी केली, "ही शेवंती कोन्त्या रंगाची?"

"पांढरी," ते म्हणाले.

"पिवळीचे कोंब मी दिंडोरीवरनं आनते. तीन कुंड्यांचे. ठिवा ती खाली, हात दुखतील."

त्यांनी कुंडी होती तिथेच, चढाच्या कडेला ठेवली. वरून शुभांगीच्या सासूबाईंचा आवाज आला, "कुसाबाई, मला गुरुवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय गं!"

"गुरुवार काकूंचा हाय," कुसाबाई वर न पाहता म्हणाली. "शुक्रवारी या." आणि गाडी वर रस्त्यावर आली.